ढाण्या कोण?

शिरूर,
३ फेब्रुवारी २०२५

श्री. रुद्र यांस,
स. न. वि. वि.

मी शिरूरला माहेरी, आप्पांकडं सुखरूप पोचले. तुम्ही विचारलं नाही, तरी कळवते. फोन लावू नका, तुमचा नंबर मी ब्लॉक केलाय. फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता. कागद कोरा पाठवता येत नाही, म्हणून पत्र.

काल सृष्टीच्या, तुमच्या सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्यात, निम्म्या राहू गावासमोर आणि तुमच्या मारुतमामांसमोर, आत्याबाईंनी विचारलं, की माझी ही सून दुपारी दार लावून कुणा ढाण्याशी बोलते? ढाण्या, लवकर ये, मी पडले, असं आतून ओरडते म्हणे. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आप्पा भरल्या ताटावरून उठले. तुम्ही पाण्याचा जग हातात घेऊन उभे होता, ते तसेच उभे राहिलात.

ढाण्या कोण, हे त्या मांडवात आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. मी सांगितलं असतं, तर नवऱ्याचं नाव पुढं करून सुटायला बघते म्हणाले असते. ते तुमच्याच तोंडून यायला हवं होतं. मोबाईलवरच्या खेळात ते नाव तुम्हीच घेतलंत. कुरकुंभच्या खोलीवर बसून तुम्हीच माझ्याशी बोलत होता.

उत्तर आलं की पुढचं ठरवीन. लोभ ठेवायचा की नाही, हे आता माझ्या हातात आहे.

अंकिता


कुरकुंभ,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अंकिता,
स. न.

हे तुम्ही-तुम्ही काय लावलंय? पत्र वाचून डोकं फिरलं. बापलेक मांडवातून उठून गेलात, सृष्टीच्या सासरचे बघत राहिले, त्याचं काहीच नाही? मी आईला काय सांगायचं होतं? ओव्हरटाइम आहे म्हणून सुट्टीलासुद्धा घरी येत नाही, असं तिला सांगून ठेवलेलं. आणि मी इथं कंपनीच्या खोलीवर बायकोबरोबर गेम खेळत बसतो, हे भर मांडवात बोलू? मामांनी शब्द टाकून मला इथं चिकटवलंय. तेही समोरच होते.

हे सगळं कशासाठी केलं, ते तुला ठाऊक आहे. घरी आलो की तू चुलीपाशी, मी ओट्यावर, मधे पाहुणे. भाजी वाढू का, एवढंच आपलं बोलणं. कानाला हेडफोन लावून त्या राक्षसाच्या किल्ल्यात शिरलो, की तू माझ्यावर खेकसायचीस, हसायचीस, पुढं जाऊ नको म्हणून दटावायचीस. लग्नानंतर तुझा आवाज मला तिथंच ओळखीचा झाला.

आपला तिसरा गडी, यवतचा इम्तियाज, तोही फिरलाय. साखरपुड्याचं कळल्यावर म्हणाला, की यापुढं मला खेळायला बोलावू नको. अनोळखी पोरांबरोबर खेळून बघितलं. जो तो आपापली लूट उचलून पुढं पळतो, पडलेल्याकडं कुणी वळून बघत नाही. मन लागलं नाही.

पण शेवटी खेळ तो खेळ. त्याच्यापायी संसार मोडू नको. आईला मी हळूहळू सांगेन. तू आधी ये.

राग आवर, माया असू दे.

रुद्र


शिरूर,
१५ फेब्रुवारी २०२५

रुद्र,
नमस्कार आज राहू दे.

खेळ तो खेळ म्हणतोस, तर ऐक. त्या खेळात एक जण पडला की दुसऱ्याला त्याच्याशेजारी गुडघा टेकून बसावं लागतं. तेवढा वेळ ढाल खाली, हत्यार खाली, आणि चहूकडून घाव. तरी तू यायचास. जिंकत आलेली लढाई टाकून यायचास. इम्तियाजभाऊजी ओरडायचे, की आधी राक्षसाला संपव. तू म्हणायचास, ती पडलीय. मला त्यातलं सोनं नको होतं, चिलखतं नको होती. तेवढं ऐकायला मी भांडी उरकून पळत खोलीत यायचे. मला वाटलं, नवरा कसा आहे ते मला कळलं.

तिथं मार खाऊन तुझं काही जात नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. इथं आईचा एक शब्द खावा लागला असता, तर तू पाण्याचा जग धरून उभा.

हळूहळू सांगशील म्हणजे चुलीपाशी, कानात. ते मला चालणार नाही. ज्या माणसांसमोर आत्याबाई बोलल्या, त्याच माणसांसमोर तू बोल. जमत नसेल तर आप्पा मारुतमामांना निरोप धाडतील, आणि आपली फारकत. मला रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालंय. सोमवारपासून जाते. तुझ्या उत्तरावर माझी भाकरी अडलेली नाही.

लोभाचं काही लिहीत नाही.

अंकिता


राहू,
६ मार्च २०२५

चि. सौ. अंकितास,
गिताबाईचा अ. उ. आशीर्वाद. मी सांगती आन् सृष्टी लिवती.

झालं तुझ्या मनासारखं. काल सृष्टीचा बस्ता बांधायला समदी यवतला जमलो व्हतो. साखरपुड्याला व्हती तीच मानसं. साड्या बघत बसलो व्हतो, तवर रुद्र दुकानाच्या मधोमध हुबा ऱ्हायला. म्हणला, ढाण्या म्हंजी मीच हाय. माझी बायको माझ्याशीच बोलत व्हती. आईला ठावं नव्हतं, मला ठावं व्हतं, तरी मी गप बसलो. आधी कुनाला उमजंना. मंग माझी जाऊ हसली, मंग दुकानदार हसला. माझ्या भावानं, मारुतनं, त्येला बाईलवेडा म्हणलं. त्यो खाली बसला न्हाई. पुन्यांदा तेच बोलला.

सुनंवर आळ घेतला, आन् त्यो गडी निघाला माझाच ल्योक! गाव मला हसतंय. ह्ये तुझ्यापायी झालं, मी इसरायची न्हाई.

त्येला इचारलं, असं काय हाय त्या खेळात? त्येनं सांगितलं. म्या म्हणलं, ह्यात नवं काय? ह्येचं आबा आन् मी मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो. लांडगा आला की आमी दोघं कळपाच्या दोन अंगाला. अंधारात एकमेकाला दिसायचो न्हाई, नुसती हाळी. तिकडनं हाळी आली की कळायचं, आपलं मानूस हाय, आता भ्यायचं कारन न्हाई. मेंढरं गेली, आबाबी गेलं. तवापसनं मला कुनी तशी हाळी दिली न्हाई. तू आतनं वरडायचीस, हसायचीस, आन् मी भाईर भाकरी थापत ऐकायची. माझ्यासंगं कवा तशी बोलली न्हाईस. त्येच मला टोचलं.

माफी मागत न्हाई. लग्नाला यायचं तर ये.

उरली असंल तेवढी माया ऱ्हाऊ दे.

गिताबाई

वहिनी, टोचलं ते वाक्य आईनं आधी खोडायला लावलं, मग परत लिहायला लावलं. — सृष्टी


शिरूर,
१२ मार्च २०२५

ति. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही माफी मागितली नाही, आणि मीही माफ केलेलं नाही. आप्पा ताटावरून उठले, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

लग्नाला येईन. सृष्टीच्या हाताला मेंदी मी लावणार, असं तिला कबूल केलंय. लग्न लागलं की परत शिरूरला. राहूला कायमची यायची नाही, हे स्पष्ट लिहिते, म्हणजे मांडवात पुन्हा विषय नको.

रुद्र रविवारी इथं आला होता. आप्पांनी त्याला बाहेर ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, बोलले मात्र नाहीत. मीच बोलले. बराच वेळ भांडले. तो रांजणगावला काम बघतोय. मिळालं तर तिकडंच एक खोली घेऊ. नाही मिळालं तर तो तिथं, मी इथं. जाताना त्यानं विचारलं, की पुन्हा खेळायचं का? मी म्हटलं, आधी असंच समोर बसून बोलायला शीक, मग बघू.

तुम्ही लिहिलंत, मी तुमच्याशी कधी तशी बोलले नाही. खरं आहे. तुमच्या घरात मोठ्यानं हसायची मला भीती वाटायची. ती अजून गेलेली नाही. ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी पत्र लिहिणार नाही. स्वतः येऊन सांगेन.

आपली,
अंकिता