कूलर येतो त्याला मशीन येतेच

२३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळ (उठल्याबरोबर, म्हणजे अकरा)

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. नागपूरला, नंदनवनात दीक्षाताईकडे मी चार दिवसांसाठी आलो होतो. ते मार्चमध्ये. तेव्हा कुठेतरी नोंद असलेली बरी.

ताईची वॉशिंग मशीन बंद पडली. म्हणजे मशीन ठणठणीत आहे, फक्त समोरचं गोल काचेचं दार लॉक होत नाही. दार लावायचं, बटन दाबायचं, मशीन कुईकुई करते आणि गप्प. धम्मानंद भाऊजी मेकॅनिकला फोन लावत होते. मी त्यांच्या हातातून फोनच काढून घेतला. म्हटलं, घरात माणूस असताना बाहेरचा कशाला? यंदा उन्हाळ्यात अख्ख्या नंदनवनात कूलर कोणी बसवले? मी. (तीन घरं. पण तिन्ही वेगवेगळ्या गल्ल्यांत.) कूलरमध्ये काय असते? मोटर, पंप, पाणी. मशीनमध्ये काय असते? मोटर, पंप, पाणी. वरून एक दार. दाराला तर मोटरही नसते.

भाऊजी म्हणाले, कूलर बसवणं अन् मशीन दुरुस्त करणं एकच होय का गा? मी नुसता हसलो. भाऊजी शाळेत मास्तर आहेत. प्रॅक्टिकल नॉलेज नाही.

ताईकडून स्क्रूड्रायव्हर घेतला. उद्या सुरुवात.

२४ सप्टेंबर, बुधवार

बाबांचा फोन. दरवर्षीसारखे आईबाबा दसऱ्याला येणार, मग सगळ्यांनी पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायचं. यंदा मात्र बाबांनी ताईला एक जास्तीचं सांगितलं. विक्कीचं तिथं काही जमून राहिलं असंन तर ठीक, नाही तर त्याची बॅग भरून ठेव, आम्ही घेऊन जातो. घेऊन जातो म्हणजे उमरेडजवळ गावी, बाबांच्या पिठाच्या चक्कीवर. आमच्या गावाला एकच रस्ता आहे आणि तोही चक्कीपाशी संपतो. माझ्यासारख्या फिरत्या माणसाचं तिथे काय होणार?

ताई म्हणाली, हे पाह्य, ते मशीन बाबाच्या डोळ्यासमोर चालवून दाखव, मग मी सांगते त्याईले की पोट्ट्याच्या हातात काहीतरी आहे.

ठरलं. मशीन चालली तर नागपूर, नाही चालली तर चक्की.

संकल्प: दसऱ्याच्या आत दार. मग ‘विक्की सर्व्हिस सेंटर’. बोर्ड निळा पाहिजे, अक्षरं पांढरी. अक्षरं गोल की चौकोनी, यात दुपार गेली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

प्रत्यक्ष काम सुरू. मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस म्हणे, आधी प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. प्लग काढला. थांबलो. थांबता थांबता खाली दुसरा व्हिडिओ आला, एक जण सायकलवर लडाखला चालला होता. तो पाहिला. त्याचा भाग दोन होता. भाग नऊपर्यंत तो पोचला. संध्याकाळी प्लग लावला. म्हणजे मशीनला सांगितल्यापेक्षा जास्तच आराम मिळाला. तरी कुईकुई. मशीनचा स्वभावच तक्रारखोर दिसतो.

लडाखला जायचं. सायकल पाहिजे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

निदान झालं. कोरडेपणा. कूलरचा पंखा कुरकुरला की आपण काय करतो? तेल देतो. दाराचा हुक ज्या फटीत जाते तिथे खोबरेल तेल सोडलं. हात आखडला नाही. दार आता इतकं मुलायम झालं की लावल्यावर आपोआप उघडते. प्रगती आहे, फक्त दिशा उलटी.

ताई विचारत होती, डोक्याचं तेल कुठं गेलं गा, कालच तर बाटली आणली. मी म्हटलं, कामी आलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

लॉकचा पार्ट आणायला धरमपेठेत गेलो. स्क्रूड्रायव्हर वरच्या खिशात, दिसेल असा ठेवला. दुकानदाराला कळावं की समोर कोण आहे. त्याने मॉडेल विचारलं. मी म्हटलं, पांढरी. तो म्हणे, पांढऱ्या तर साऱ्याच असतात भाऊ, मशीनच्या मागं नंबर आहे, फोटो काढून आणा. एका फोटोसाठी परत कोण जाते? बाहेर ओळखीचा एक जण भेटला. बाइकवर रामटेकला चालला होता आणि मागची सीट रिकामी. रिकामी सीट पाहिली की मला राहवत नाही.

रामटेक छान आहे. माकडं फार. एकाने खिशातला स्क्रूड्रायव्हर नेला.

भाऊजींनी विचारलं, पार्ट आणला? मी म्हटलं, स्टॉक नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सुटी. कारागिराच्या हाताला एक दिवस विश्रांती लागते.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज डोकं जोरात चाललं. कूलर डगमगत असला की स्टँडखाली विटेचा तुकडा देतात. मशीनच्या डाव्या पायाखाली वीट दिली. मग उजव्या. मग डावीकडे अजून एक. आता दार एकदम सरळ आहे. मशीन तिरपी आहे. शेजारच्या मनोहररावांनी खिडकीतून विचारलं, काहून गा विक्की, मशीन वाकून कोणाच्या पाया पडून राहिली? मनोहरराव रिटायर्ड इंजिनिअर आहेत. नवीन गोष्टी त्यांना कळत नाहीत.

३० सप्टेंबर, मंगळवार

सापडलं! दार लावून खालून गुडघ्याने वर रेटलं की टक् करून लॉक होते. म्हणजे दार खाली लोंबलं होतं. मला पहिल्या दिवसापासून तसंच वाटत होतं, फक्त मी बोललो नाही.

गुडघा काढला की मशीन थांबते, एवढंच. हा दोष मशीनचा, गुडघ्याचा नाही. आधाराला ताईच्या जुन्या ओढणीने दार आवळून वरच्या नळाला बांधलं. कूलर खिडकीला असाच बांधतात. ट्रायलसाठी माझा दसऱ्याचा पांढरा कुर्ता आत टाकला. उरलेले सगळ्यांचे कपडे उद्या, बाबांच्या साक्षीने.

बोर्डाची अक्षरं गोलच ठेवावी.

१ ऑक्टोबर, बुधवार

आईबाबा दुपारी आले. चहा झाल्याबरोबर बाबा म्हणाले, चाल, दाखव. मशीनसमोर खुर्ची टाकून बसलेच. मी गुडघा दिला, बटन दाबलं. टक्! कुर्ता फिरायला लागला. आई ओरडली, पाह्य वं दीक्षा, फिरून राहिला! ताई हात जोडल्यासारखी उभी होती. बाबांची मान हलली. होकारार्थी. मी स्वतः पाहिली.

मग बाबांनी विचारलं, गुडघा किती वेळ ठेवा लागते? मी म्हटलं, सव्वा तास. बाबा म्हणाले, रोज? मी म्हटलं, नाही बाबा, ज्या दिवशी कपडे धुवायचे त्याच दिवशी. हे सांगताना जरा जोर लागला आणि नळ भिंतीतून निघाला.

ओढणीची गाठ मात्र सुटली नाही. माझी गाठ कधी सुटत नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे पाण्यात होते. भाऊजी टाकीचा कॉक बंद करायला गच्चीवर धावले. मशीन विटांवरून उतरून दारापर्यंत आली. बाबा पाय वर घेऊन खुर्चीतच बसून राहिले, पूर पाहावा तसे.

माझी बॅग कपाटावर आहे. मी तिकडे पाहिलं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

रात्रभर एकच टोचणी. उद्या सगळे पांढऱ्याशिवाय जाणार, आणि माझ्यामुळे. सकाळी ताईने कपाटातून गठ्ठा काढला. तिचे, भाऊजींचे, सगळे कपडे लख्ख धुतलेले, कडक इस्त्रीचे. ज्या दिवशी मी स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याच संध्याकाळी तिने ते लाँड्रीत दिले होते म्हणे. ताईला घाई फार.

मशीनमध्ये माझा एकट्याचा कुर्ता होता. त्यावर खोबरेल तेलाचा विदर्भाचा नकाशा. भाऊजींचा जुना शर्ट घातला. बाह्या माझ्या आधी दीक्षाभूमीवर पोचल्या. तिथे एवढा पांढरा समुद्र होता की कोणाचा शर्ट कोणाच्या मापाचा हे कोण पाहते? गर्दीत बाबांनी माझा हात धरून ठेवला होता, लहानपणी धरायचे तसा. म्हणजे बाही. हात आत होता.

संध्याकाळी माझ्यावरून चर्चा. मी बाजूच्या खोलीत पाणी पुसत होतो, सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, जवाई, पोट्टा तुमच्यापाशीच राहू द्या. भाऊजी म्हणाले, नाही नाही बाबा, तुमची चक्की एवढी मोठी, तुम्हाले घरचा माणूस पाहिजे. बाबा म्हणाले, चक्कीले आता नवीन मोटर बसवली, याचा हात तिथं लागाले नको. भाऊजी म्हणाले, आमच्या घरी तर आणखी फ्रिज आहे.

बाबांना मोटरपेक्षा माझ्या हाताची काळजी! डोळे भरून आले. दोन घरांनी माझ्यासाठी एवढी ओढाताण आजवर केली नव्हती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आईबाबा पहाटेच्या बसने गेले. मला कोणी उठवलं नाही. बॅग कपाटावर तशीच. म्हणजे मी जिंकलो!

दुपारी नवीन मशीन आली. एक्स्चेंज ऑफरमध्ये. दुकानातली दोन माणसं जुनी न्यायला आली. भाऊजींनी त्यांना विचारलं, साळाही घेता का एक्स्चेंजमध्ये? त्यातला एक माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, घेतला असता सर, पण चालू कंडिशन लागते.

सगळे हसले. मीही हसलो. ताईही हसली. बराच वेळ.

ताईचं हसणं लिहायचं नव्हतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज मोबाइल पाहिला नाही. लडाखही नाही. ताई स्वयंपाकघरात एकटी होती तेव्हा सरळ विचारून टाकलं, ताई, मी राहू की जाऊ?

ताई पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, राहा ना गा, तुले जा कोण म्हणून राहिलं? फक्त काही करू नको.

मग गरम पोळी दिली. तूप लावून.

तर संकल्प: काही न करणे. वाटते तितकं सोपं नाही हे. तयारी लागेल. उद्या लवकर उठून सुरुवात करतो.