दुखण्याची पैसेवारी

६ नोव्हेंबर २००७, मंगळवार
दहाले येतो म्हणे, बारा वाजवले. दीपाले आधी झापलं, मग जयभीम घातला. पोरगी नागपूरची. छातीच्या कॅन्सरमधून वाचलेल्या बायांच्या मनात दुखण्याबद्दल काय चालते, त्याचे प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणले. ते आमच्यासारख्या बायायले जमतात का, हे तपासून राह्यली. 'दुखणं कधीच थांबणार नाही, असं वाटते का?' असले. उत्तर शून्य ते चार.
मी सगळ्याले शून्य ठोकलं. मले का आकडे शिकवते? गावाच्या पिकाची पैसेवारी कमी लागली की दुष्काळ म्हणून साहेब जीप घेऊन धावतात, जास्त लागली की कुत्रं फिरकत नाही. म्हणजे शून्य सगळ्यात मोठं दुखणं. दीपा म्हणे, आजी, तुम्ही लई खंबीर. चहा दोनदा पिली.

८ नोव्हेंबर
ऑपरेशनच्या बाजूचा डावा हात सुजला. कापूस वेचाले नको होता. माझ्या पोराचा, संघदीपचा, पुण्याहून फोन, सुट्टी नाही. म्हटलं, येऊ नको, मले कोणाची गरज नाही. आजपासून वाट पाहणं बंद.

१९ नोव्हेंबर
उद्या दीपा तेच प्रश्न पुन्हा विचारते. उत्तरं जुळली तर प्रश्न पक्के. ओसरी सारवली. तिच्यासाठी नाही, सारवायचीच होती.

२० नोव्हेंबर
पुन्हा सगळे शून्य. एक नाही चुकला. आता पोरगी येतच राहीन, सोडते थोडीच. मुक्कामाले राहा म्हटलं नाही. उगाच तिले सवय लागन.

४ डिसेंबर
जीप माझ्या दारावरून पुढं गेली. शेजारच्या इंदुताईकडे थांबली. तिचंही ऑपरेशन झालेलं. दुखण्याचे डॉक्टर आणले दीपानं. इंदुताईनं सगळ्याले चार सांगितलं होतं म्हणे.
विचाराले गेली तर इंदुताई म्हणे, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, रुखमाबाई. तुयाकडे काहून येतीन ते?"

५ डिसेंबर
चूक माझी नाही. दीपानं आधी समजावलं होतं काहीतरी, पण मी तवा चहा गाळून राह्यली होती. थांबाले पाह्यजे होतं तिनं.
दवाखान्याची आशा वर्कर विमलताई, तिच्याजवळ दीपाले निरोप धाडला: माझे आकडे उलटे वाच. विमलताई म्हणे, दीपाचं काम सरलं, फोनवर दुसरी कोणी बाई बोलीन.
नाही चालत. उत्तर दीपानंच द्यावं. अन् इथं, माझ्यासमोर बसून.