‘केलं’ आणि ‘केलंत’

सर, तुमच्या अंत्ययात्रेला मी आले नव्हते. गावाला गेले होते, उशिरा कळलं, असलं काही नाही. वेळेवर कळलं होतं, घरीच होते, आणि आले नाही. मला जे बोलायचं होतं ते तिथं जमलेल्या लोकांसमोर बोलण्यासारखं नव्हतं, आणि गप्प उभं राहून हात जोडणं मला कधीच जमलेलं नाही. आता इतक्या वर्षांनी आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघालाय. सगळे रिटायर झालेले, निम्म्यांना टक्कल. त्यांनी ठरवलंय की तुमच्यावर एक स्मरणिका काढायची आणि प्रत्येकानं एकेक पान लिहायचं. विषयही देऊन टाकलाय: ‘सरांकडून मी टीमवर्क कसं शिकलो’. शिकलो. बॅचमध्ये एक मुलगी होती, हे विषय काढणाऱ्याला आठवलंसुद्धा नाही. त्या पानासाठी जेवणाच्या टेबलाशी बसले, तर त्यांच्यासाठी काहीच येईना, आणि तुमच्यासाठी हे यायला लागलं.

तेव्हा नाशकात कोणाला सांगितलं की मी इंडस्ट्रियल डिझाइन शिकते, तर लोक विचारायचे, म्हणजे स्वेटरवरचं का? सगळ्या वर्कशॉपमध्ये मी एकटी मुलगी, आणि त्यातून कॉन्व्हेंटची. पहिल्याच दिवशी बाकावरच्या व्हाइसमध्ये लोखंडाची पट्टी आवळून मी कानशीनं घासत होते आणि कोणाचा तरी धक्का लागला म्हणून सवयीनं ‘सॉरी’ म्हणाले. तुम्ही अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, “आपण कॉन्व्हेंटच्या का? मग जरा जपून. लोखंडाला ‘प्लीज’ म्हटलं म्हणून ते वाकत नाही.” सगळे हसले. तेव्हापासून पोरांना तुम्ही ‘अरे’, ‘गधड्या’, फार लाडात असलात तर ‘बैला’ म्हणायचात, आणि मला ‘आपण’. “आपण बाजूला उभ्या राहाल का?” “आपण आज फाइल विसरलात वाटतं?” बाहेरच्या माणसाला वाटावं, काय मान देतात मुलीला. तो मान नव्हता. दाराच्या बाहेर पाट मांडून जेवायला वाढतात ना, तसं ते होतं.

शिकवत चांगलं होतात. हे मी नाकारत नाही. खोटं बोलायची मला गरज नाही. तुम्ही टेबलावर विळी, कुलूप, स्टोव्हची पिन, काय काय आणून ठेवायचात आणि आम्हाला डोळे मिटून हातात घ्यायला लावायचात. “डोळा फसतो, कारण त्याला रंग आवडतो. हाताला विचारा.” मी अजून भांडी बाजारात गेले की डोळे मिटून झारा धरून बघते, उलथणं धरून बघते. मागे एक दुकानदार वैतागून म्हणाला, “मावशी, भांडं घेताय की लग्न ठरवताय?” म्हटलं, लग्न असंच बघून केलं असतं तर बरं झालं असतं. तर ते तुमचं देणं आहे, आणि ते मी रोज वापरते. पण त्यामुळे दुसरं फिटत नाही.

दुसरं म्हणजे तुमचं ते टीमवर्क. दर सोमवारी तुमचं प्रवचन असायचं. गोवर्धन पर्वत, गोपाळांच्या काठ्या, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: “वर्कशॉपमध्ये ‘मी’ आणायचा नाही. तो चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा. आत फक्त ‘आपण’.” पोरं माना डोलवायची. मी एकदा विचारलं, सर, पण पर्वत उचलला कोणी? काठ्या लावल्या सगळ्यांनी, करंगळी तर एकाचीच होती ना? तुम्ही खिशातली स्टीलची पट्टी टेबलावर आपटलीत आणि म्हणालात, “आपण कृष्ण आहात का?” आमच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, तुम्ही केलेलं काम असेल तर उभ्या राहा आणि ‘मी केलं’ म्हणा. चुकलेलं असलं तरी म्हणा, बरोबर असलं तरी म्हणा. तुमच्याकडे चुकलेलं काम ज्याचं त्याचं असायचं. बरोबर आलेलं तेवढं ‘आपलं’.

आणि मग ती द्राक्षाची कात्री. आमच्या गटात तिघं होतो. एक पंचवटीतला, अक्षर सुरेख, बोलणं त्याहून सुरेख, हाताला कधी ग्रीस लागलं नाही. दुसरा सटाण्याचा, कानशीवर देवाचा हात, पण चार लोकांसमोर तोंड उघडायचा नाही. तिसरी मी. अंबडच्या एका कारखान्याला द्राक्षकाढणीसाठी नवी कात्री काढायची होती, आणि ज्या गटाचं काम पसंत पडेल त्यातल्या एकाला ते नोकरीला घेणार होते. एकालाच. त्या काळी कारखान्यात डिझाइनची नोकरी, तीही शिकून बाहेर पडताच! मला ती हवी होती. इतकी हवी होती, की मी दिंडोरीकडच्या एका ओळखीच्यांच्या बागेत जाऊन बायकांबरोबर घड काढायला लागले.

तिथं माझ्या हाताला कळलं. डाव्या हातात घड देठाला धरलेला असतो. तो सोडता येत नाही, आणि मण्यांना बोट लावायचं नाही, कारण वरची पांढरट झिलई पुसली की मालाचा भाव पडतो. उजव्या हातातली कात्री मिटून तिची कडी अडकवायची, घड कॅरेटमध्ये ठेवायचा, आणि पुढच्या घडासाठी कडी पुन्हा काढायची. ती कडी होती अंगठ्याच्या बाजूला, पण पार वर पात्यांजवळ. अंगठा तिथवर पोचेना, म्हणून दर वेळी डाव्या हाताची मदत लागायची. मी दिवसभराचा चिकट राप अंगठ्यावर घेऊन घरी आले आणि आईच्या स्वयंपाकघरात भाजीच्या कात्रीला दोरा बांधून बघत बसले. कडी खाली न्यायची. करंगळीला. कात्री चालवताना करंगळी नुसतीच बसून असते. तिनं ढकललं की कडी सुटते, ओढलं की लागते, डावा हात मोकळा. एवढंच. सटाण्याच्यानं ती घडवली, पितळेची, तांदळाच्या दाण्याएवढं टोक ठेवून. उघडझाप करून बघताना तो त्याच्या गावाकडच्या बोलीत ओरडला होता, “ताई, भारी शे हाई!” पंचवटीच्यानं तिचा तक्ता रंगवला. तक्ता छान होता.

कारखान्याचे मालक येतात तो दिवस मला अजून समोर दिसतो. ते वर्कशॉपमधल्याच एका बाकावर बसलेत, सफारी सूट सांभाळत. शेजारच्या टोकाला कोणीतरी ग्राइंडर लावलाय आणि तो बंद करायचं कोणालाच सुचत नाहीये. पंचवटीचा बोलतोय, “आपण असा विचार केला की, आपण असं पाहिलं की...” मालक ऐकत नाहीयेत. त्यांनी कात्री हातात घेतली आहे. करंगळी आपोआप कडीवर जाते, खट्. पुन्हा खट्. ते लहान मुलासारखे हसतात. “क्या बात है! हे कोणी केलं हो, सर?” पंचवटीचा तक्त्याकडे बघतो. सटाण्याचा माझ्याकडे बघतो. मी तोंड उघडते, माझ्या ओठांवर ‘मी’ आलेला आहे, सिस्टरनी शिकवलेला, उभं राहून म्हणायचा. आणि माझ्या मागून तुमचा आवाज येतो, “हे आपण केलं.”

“वा! याला म्हणतात टीमवर्क,” मालक म्हणतात, आणि पंचवटीच्याशी हात मिळवतात, कारण तोच पुढे उभा आहे.

नोकरी त्याला मिळाली. मी तुमच्या खोलीत आले होते, आठवतं? तुम्ही डबा खात होतात. मी म्हटलं, “सर, ती कडी माझी होती.”

“कडी कात्रीची असते,” तुम्ही म्हणालात. “कोणाची नसते.”

“मग नोकरी त्याची कशी झाली? ती पण सगळ्यांची असायला हवी.”

तुम्ही घास थांबवलात. “त्यांनी मला विचारलं, मी त्याचं नाव सांगितलं. त्याच्या घरी गरज आहे. आपलं काय, आपलं लग्न होईल.” बघा, तेव्हासुद्धा ‘आपलं’. जसं काही तुमचं आणि माझं मिळून लग्न होणार होतं.

मी ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत ड्रॉइंग टीचर झाले आणि तिथूनच रिटायर झाले. माझ्या वर्गात एकच नियम होता. चित्र झालं की खाली सही करायची, वाचता येईल अशी. नुसती आद्याक्षरं टाकली की मी कागद परत द्यायचे. “कोणाचं आहे हे? रस्त्यावर सापडलं का?” गटानं मिळून काही केलं तर मागे लिहायचं, आकाश कोणी रंगवलं, घोडा कोणी काढला. मुली कंटाळायच्या, हेडमिस्ट्रेस म्हणायच्या, किती काटेकोर आहात हो तुम्ही. मी काटेकोर नव्हते, सर. मी तुमच्याशी भांडत होते. रोज, पगार घेऊन.

आता हे सगळं मी नीट घडी घालून ठेवलेलं होतं. तुम्ही चोर, मी लुटलेली, हिशेब सरळ. आणि मागच्या आठवड्यात सटाण्याचा आला. गुडघ्याच्या डॉक्टरकडे नाशकात आला होता, वाटेत माझ्याकडे. स्मरणिकेचं निघालं. मी म्हटलं, माझ्याकडून एक ओळ मिळणार नाही, ज्या माणसानं मालकांसमोर माझ्या कामावर ‘आपण केलं’ म्हणून पाणी ओतलं त्याच्यावर मी लिहू? तो पोह्यांची बशी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला.

“ताई, सर ‘केलं’ नाही म्हणले. ‘केलंत’ म्हणले.”

“काय?”

“‘हे आपण केलंत.’ तुझ्याकडं बघून. तुला ते ‘आपण’ म्हणायचे ना.”

“तुला कसं माहीत? ग्राइंडर चालू होता.”

“अगं, मी सटाण्याचा, बागलाणातला. आमच्याकडं कुठं आलाय हा ‘त’? ‘आलात’, ‘केलंत’, सगळं शहरातलं. माझ्या जिभेला तो अजून जमत नाही, म्हणून दुसऱ्यानं म्हटला की कानात बसतो. मला वाटलं, तुला माहीत आहे. तू इंग्लिश शाळेची असली तरी मराठीच ना?”

“मग मालक टीमवर्क म्हणाले तेव्हा तू का नाही बोललास?”

“मी?” तो म्हणाला. “मी कधी बोललो का?” आणि पोहे खायला लागला. मग जाताना, बूट घालता घालता, “लिंबू पिळायला पाहिजे होतं,” एवढं म्हणाला.

सर, माझा संताप कमी झाला असं समजू नका. तो वाढला. तो ‘त’ नव्हता, तर तुम्ही माझं काम सगळ्यांच्या काठ्यांखाली ढकललंत. ठीक आहे, अशी माणसं असतात. पण तो ‘त’ असला, तर? तर तुम्हाला ठाऊक होतं कोणी केलं ते. तुम्ही ते सांगितलंत, आणि समोरच्यानं चुकीचं ऐकलं, हेही तुम्हाला दिसलं. मालक त्या पोराचा हात हलवत होते, तुमच्या डोळ्यांसमोर. एक वाक्य लागत होतं. ‘अहो, हिनं केलं.’ ‘हिनं’ म्हणायला तुम्हाला काय होत होतं? हा ‘आपण’ मुळात चेष्टेचा, परका ठेवण्याचा. त्याच शब्दात तुम्ही माझं श्रेय गुंडाळून दिलंत, ग्राइंडरच्या आवाजात, आणि मग डबा खात मला लग्नाचं सांगितलंत. चोर परवडला. चोराला मनसोक्त शिव्या देता येतात. ज्यानं दिलं, पण पुटपुटत दिलं, त्याचं काय करायचं? आणि मी तुम्हाला एवढं बोलतेय, तर बघा, या अख्ख्या कागदावर ‘म्हणालात’, ‘केलंत’, ‘दिलंत’. प्रत्येक ठिकाणी मी तुम्हाला ‘त’ लावलाय. स्वच्छ ऐकू येईल असा.

स्मरणिकेसाठी मी एकच वाक्य देणार आहे: ‘वस्तू डोळे मिटून हातात घ्यायला मी सरांकडून शिकले.’ ‘शिकले’. खाली पूर्ण नाव, वाचता येईल असं. हा कागद कुठंच जायचा नाही; तुमचा पत्ता आता कोणाकडेच नाही.

फक्त एक. सटाण्याचा येऊन गेल्यापासून मला तो ‘त’ डोक्यातून काढता येईना. तुमचा चेहरा आठवून बघितला, ‘त’ म्हणताना जीभ दातांना लागते, ती दिसायला हवी. पण तुम्ही माझ्या मागे होतात, आणि मी मालकांच्या करंगळीकडे बघत होते. मग आज सकाळी मी मिक्सर लावला आणि त्याच्या बाजूला उभी राहून मोठ्यानं म्हणाले, “हे आपण केलं.” मग, “हे आपण केलंत.” मोलकरीण हॉलमधून ओरडली, “काय म्हणताय, मावशी?” म्हटलं, काय ऐकू आलं? ती म्हणाली, “काहीतरी केलं म्हणालात.” मी पुन्हा म्हटलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिला सांगितलं, चटणी वाटतेय, तू तुझं काम कर.

भांड्यात काही नव्हतं, सर. मी ते रिकामंच फिरवत राहिले.