गोल अक्षरांमागचा माणूस

ती. राघोभाऊ,

मुरबाडहून तुमचा धाकटा साडू पंढरी पेंटर पायांवर डोकं ठेवतो. तुमचा गुडघा भातसानगरचा जिना चढू लागला का, रंगूताईंचा खोकला बसला का, ते कळवा. फोनच केला असता, पण प्रेमा (तुमची मेहुणी, तुम्ही ओळखताच) भाकऱ्या थापतानाही कान इकडे ठेवते.

विषय गंभीर आहे. मुरबाडात कुणीतरी नवा पेंटर शिरलाय. दिवाळीपासून पाट्यांवर एकच अक्षर दिसतंय. जाडजूड, गुबगुबीत, टोकं घासून गोल केलेली, 'व' तर कंपासनं काढल्यासारखा वाटोळा. आधी केकच्या दुकानावर आलं, मग दातांच्या दवाखान्यावर, मग शिकवणीच्या वर्गावर. तीस वर्षं ब्रश धरतोय मी. माणसाचा हात कुठेतरी दमतो, रेघ बारीक होते. याची कुठेच होत नाही! (भगीरथ चहावाल्याला विचारलं, "ह्यो कोण रे?" तर तो नुसता हसला. तोही सामील असावा.)

पुरावा हवा म्हणून सुतळी घेऊन दवाखान्याच्या पाटीला शिडी लावली. 'वैभव दंत दवाखाना', म्हणजे तीन 'व'. तिन्ही तंतोतंत सारखे. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी झटकन गालावर हात ठेवून "दाढ दुखतेय" म्हणालो. त्यांनी खुर्चीत बसवलं, आणि राघोभाऊ, दाढ खरंच किडलेली निघाली. ती आता नाही.

पाटी शहापूरहून आणली, एवढं बाईंकडून कळलं. तोंडात कापूस धरून तिथलं फ्लेक्सचं दुकान गाठलं. काजल नावाची मुलगी बसली होती. म्हटलं, "त्या पेंटरला बाहेर बोलव."

"काका, पेंटर नाय, फॉन्ट हाय. कॉम्प्युटरमधी तयारच येतो."

मी मागच्या खोलीत डोकावलो, टेबलाखालीही पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिनं माझं नाव टाइप केलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच 'पंढरी' हजर. रेघ अंगठ्याएवढी, अनुस्वार लाडवासारखा. शिव्या द्यायच्या होत्या, पण तोंडातून निघालं, "जरा मोठं कर गो." बराच वेळ बघत बसलो. फार देखणं दिसत होतं.

पोरीवर माझा अजून विश्वास नाही. त्या यंत्रात घालण्याआधी कुणीतरी ते हातानं काढलंच असणार. त्याचं नाव ती दडवतेय. तुमच्या धरणाच्या ऑफिसातून काही माग लागतो का बघा.

तुमचा,
पंढरी

ता. क. माग नाही लागला तरी चालेल.

ता. क. २ शुक्रवारी इकडे येताना वाटेत शहापूरला उतरून काजलकडून एक पाटी घेऊन या. अक्षरं आत करून गुंडाळा, कुणी विचारलं तर चटई म्हणा. निघण्यापूर्वी मजकूर तेवढा तपासा: 'पंढरी पेंटर. येथे फक्त हातानेच अक्षरे काढली जातात.'