रस्ता सुनसान हाय म्हणून

बाबा, तुमचा घाटाचा रस्ता आता शहरातल्या लोकांना लई आवडायला लागलाय. दर रविवारी लातूरहून येतात, गाड्यांच्या टपावर सायकली बांधून. सायकल चालवायची म्हणून आधी सायकलीलाच गाडीवर बसवून आणायचं, हे मला अजून कळलेलं नाही, पण ते जाऊ द्या. डॉक्टर असतात, क्लासमध्ये शिकवणारे असतात, त्यांच्या बायका असतात. घाटाखाली गाड्या लावतात, डोक्याला टोपडं बांधतात आणि आपल्या गावावरून लोह्याकडं जाणारा तो चढ चढतात. ट्रक नाही, हॉर्न नाही, दोन्ही बाजूंना सीताफळी, एका टेकडीवरून उतरलं की दुसरी समोर. "किती निवांत रस्ता आहे," असं जो तो म्हणतो. रस्ता तोच आहे. तुमचा शब्द तेवढा वेगळा होता. तुम्ही सुनसान म्हणायचा.

ह्या लोकांना तिथं घेऊन येणारा तुमचा धाकटा आहे. लातुरात क्लासवर शिकवतो, पोरं त्याला सर म्हणतात. त्याची सायकल दोन बोटांनी उचलते. मागच्या रविवारी मला म्हणाला, "आक्का, तू चल बरोबर, आपल्या घरी पिठलं-भाकरी कर सगळ्यांना. त्यांना गावातलं खायचंय." मी आठवडाभर लातुरात माझ्या मेसमध्ये क्लासच्या पोरींसाठी भाकरी थापते, रविवारी गावात जाऊन त्याच्या दोस्तांसाठी थापायची. तरी गेले. रस्ता बघायचा होता.

तुम्ही रस्त्याच्या गँगवर होता तेव्हा तो डांबराचा नव्हता. तुम्ही पाटीनं मुरूम टाकायचा, फावड्यानं दाबायचा, पावसाळ्याच्या तोंडाला कडेचे चर उकरायचा आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळा मुरूम वाहून गेला की परत पहिल्यापासून सुरू करायचा. मी भाकरी घेऊन यायची. तुम्ही झाडाखाली जेवायला बसला की तुमची काळी सायकल मोकळी असायची. ती माझ्यापेक्षा उंच होती. दांडीखालून पाय घालून, वाकड्या अंगानं मी ती चालवायला शिकले ते तुमच्याच समोर. गावाबाहेरच्या आपल्या वाड्यातल्या कुणाचीच पोर सायकल चालवत नव्हती. आई ओरडायची, लोक हसतील म्हणून. तुम्ही तोंडात घास असताना सांगायचा, "हँडलाकडं नको बघू. पुढं बघ, पुढं. सायकल आपोआप येते." मी पडायची, तुम्ही हसायचा आणि परत जेवायला लागायचा. हे मी विसरलेली नाही. विसरले असते तर बरं झालं असतं, राग तरी सरळ राहिला असता.

गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीला लोह्याला जायचं तर घाट ओलांडून. त्या जूनमध्ये तुम्ही तुमची सायकल मला दिली आणि स्वतः कामावर पायी जायला लागलात. आईनं विचारलं, "आणि तुम्ही?" तुम्ही भिंतीवरच्या फोटोकडं हात केला. आपल्या वाड्यात प्रत्येक घरात तो फोटो आहे, निळ्या कोटातला, शिका म्हणून सांगणाऱ्याचा. म्हणालात, "त्यांनी पोरांनाच शिकवा असं कुठं म्हटलंय?" बाबा, त्या दिवशी मला वाटलं, असा बाप अख्ख्या तालुक्यात नसेल. मी रोज चढाला उतरायची, सायकल ढकलत वर न्यायची आणि वरून लोह्यापर्यंत पायडल न मारता जायची. वाटेत तुम्ही दिसायचा, पाटी डोक्यावर. मी घंटी वाजवायची. तुम्ही मान वर करायचा नाही, फावडं तेवढं उचलायचा. तेवढं पुरायचं.

मग गणपती बुडवून लोक झोपले होते त्या पहाटे भूकंप झाला. आपल्याकडं भांडी पडली, कुत्री ओरडली, एवढंच. आपलं घर पत्र्याचं. किल्लारीकडं मात्र माळवदाची घरं, वरून मातीचं ओझं, सगळी बसली. तुमची गँग तिकडं मलबा उपसायला गेली. दिवाळी होऊन गेल्यावर तुम्ही परत आलात. अंगाचा वास येत होता, आईनं दोनदा आंघोळ घातली तरी. चुलीपुढं बसलात. आई भाकरी टाकत होती, मी पीठ मळत होते. तुम्ही माझ्याकडं बघत होता आणि भाकरी हातात तशीच.

"खा की," आई म्हणाली.

"दप्तर उशाला घेऊन झोपली होती," तुम्ही म्हणालात. "हिच्याएवढीच."

एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढायला गेले तर दोन्ही चाकं बसलेली. व्हॉल्व्ह काढलेले. मला वाटलं वाड्यातल्या पोरांनी केलं, मी शिव्या द्यायला लागले. तुम्ही दारात उभे.

"मी काढलेत," म्हणालात.

"का? मला उशीर होऊन राहिलाय."

"शाळा झाली आता. रस्ता लई सुनसान हाय."

"तुम्ही असताच की रस्त्यावर."

"मी एका कोपऱ्याला असतो. तू ओरडली तर मला ऐकू येत न्हाई."

"मी कशाला ओरडू? आजपर्यंत ओरडले का?"

तुम्ही खिशावर हात ठेवला. व्हॉल्व्ह त्या खिशात होते, मला दिसत होतं. मी झडप घातली असती तर निघाले असते. आईनं माझा हात धरला. "बापाचं ऐक. तिकडून आल्यापासून त्यांना झोप न्हाई." तुम्हाला झोप नाही म्हणून माझी शाळा बंद.

मला त्या दिवशी बोलायला जे सुचलं नाही ते लई वर्षांनी सुचलं, लातुरात तव्यावर भाकरी उलटताना. हातातली भाकरी करपली. बाबा, ती पोर घरात मेली. दप्तर उशाला घेऊन, आईबापाच्या शेजारी, घरात. तिकडं जे मेले ते सगळे घरात मेले. जे शेतात, रस्त्यावर, उघड्यावर झोपले होते ते वाचले. हे तुम्ही स्वतःच्या हातानं उपसलं आणि परत येऊन मला कुठं ठेवलं, तर घरात. त्या दिवसांत अख्खं गाव घराला भिऊन बाहेर खाटा टाकून झोपत होतं. तुम्ही पण बाहेर झोपत होता. दिवसभर मी तेवढी आत.

मी तुम्हाला हे तोंडावर बोलले असते. बोलण्यात मी कधी मागं नव्हते. पण वाक्य आलं तेव्हा तुम्ही नव्हता.

पुढचं तर तुमच्यासमोरच झालं. दोन-तीन वर्षांत मला लातुरात दिलं, डबे पोचवणाऱ्या माणसाला. माणूस वाईट नव्हता. आणि धाकटा आठवीला गेला तेव्हा तुम्ही स्वतः त्या सायकलीत हवा भरली. तोच घाट, तीच सीताफळं, तोच तुम्ही एका कोपऱ्याला. त्याच्यासाठी रस्ता सुनसान कसा नव्हता, हे मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, दिवाळीला माहेरी आले तेव्हा. तुम्ही म्हणालात, "तो पोरगा हाय." मी म्हटलं, "किल्लारीला पोरं मेली न्हाईत का?" तुम्ही उठून चर उकरायला गेलात. दिवाळीच्या दिवशी कसले चर उकरायचे होते, देव जाणे.

आता लातुरात येऊन बघायला पाहिजे होतं तुम्ही. क्लास एवढे झाले की गल्लीत घरं कमी आणि बोर्ड जास्त. भोकरहून, उमरीहून, लोह्याहून बाप पोरींना घेऊन येतात, स्वतः डोक्यावर पेटी वाहतात, खोलीला कुलूप कसं आहे ते दहादा लावून बघतात आणि मग माझ्या मेसमध्ये येऊन हात जोडतात, "मावशी, लेकरावर लक्ष ठेवा." एकानं विचारलं, "इथला रस्ता सुनसान असतो का हो?" मी म्हटलं, "काका, इथं पाय टाकायला जागा न्हाई." त्याला बरं वाटलं. मला त्याचा राग पण आला आणि त्याच्या ताटात एक भाकरी जास्त पण वाढली. शाळा सोडलेली बाई डॉक्टर होणाऱ्या पोरींना वाढते. त्या मला गणितं दाखवून हसतात, "मावशी, सांगा ह्याचं उत्तर." मी सांगते, "उत्तर हेच की गिळा आणि उठा, मागं लाइन लागलीय."

तर रविवारचं सांगते. अंगणात सगळे पिठलं खात होते. तुमचा धाकटा सगळ्यांना सांगत होता, "ह्या रस्त्यावर आमच्या वडिलांनी मुरूम टाकलाय. मी ह्याच रस्त्यानं सायकलवर शाळेला जायचो. तेव्हापासून असाच शांत आहे." लोक माना हलवत होते. एक डॉक्टरीणबाई होती, तरुण, चांगली होती बोलायला. मला म्हणाली, "मावशी, मग तुम्ही पण ह्याच रस्त्यानं जायचात? काय मजा ना."

"हाव," मी म्हटलं. "चार महिने."

"मग?"

"मग रस्ता सुनसान झाला."

तिला कळलं नाही, ती हसली. धाकट्याला कळलं. तो पिठल्यात भाकरी बुडवत बसला, बुडवून झाली तरी. त्या बाईनं आपली सायकल पुढं केली, "चालवून बघता?" धाकटा लगेच म्हणाला, "आक्का, राहू दे. गियरची हाय, पडशील." तो गप्प राहिला असता तर मी गेले नसते.

पदर खोचला, साडी वर घेतली आणि बसले. पहिल्यांदा डुलली, मागं कुणी तरी हसलं, मग सरळ झाली. आता डांबर आहे, बाबा, लोण्यासारखं. वाड्यापासून चढाच्या आधीचा पहिला उतार लागला आणि वारा कानात शिरला. मी हँडलाकडं बघितलं नाही. पुढं बघितलं. सीताफळी मागं पळत होत्या. मनात म्हटलं, आज सोडायचं नाही, आज लोह्याच्या शाळेच्या फाटकाला हात लावूनच परत यायचं. फाटक असेल नसेल. वळण आलं, मी वळले, आणि मागचे आवाज बंद झाले.

कुणी नव्हतं. पुढं रस्ता, मागं रस्ता, वर टेकडी. एक तितर ओरडलं आणि तेही गप्प झालं. मी ब्रेक दाबला. का दाबला ते मला माहीत नाही. पन्नाशीला आलेली बाई, लातुरात दांडग्या माणसांना मेसमधून हाकलून देणारी, दिवसाउजेडी मोकळ्या रस्त्यावर उभी होती आणि पुढं जायला पाय तयार नव्हता. मी ओरडले तर कुणाला ऐकू जाणार नाही, असं मनात आलं. तुमचं वाक्य, जसंच्या तसं.

सायकल वळवली आणि हातात धरून चालत परत आले. सगळे बघत होते. मी म्हटलं, "साखळी उतरली." धाकटा खाली बसला, चाक फिरवून बघितलं. "आक्का, साखळी तर बसलीय." मी म्हटलं, "मीच बसवली." त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. हात स्वच्छ होते, तेलाचा डाग नाही. मग त्यानं हेल्मेट घातलं आणि दोस्तांना घेऊन घाट चढायला गेला.

तुमचा मुरूम दर पावसाळ्यात वाहून जायचा, बाबा. मला घातलेलं भ्या तेवढं तुम्ही पक्कं दाबलंत, इतक्या वर्षांत एक खडा हलला नाही.

हे पत्र लिहायला तीन दुपारी लागल्या, मधेच पोरी जेवायला यायच्या. टाकायचं कुठं ते माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट मी धाकट्याला सांगितली नाही आणि तुम्हालाही कळायला नको. त्या वळणावर उभी राहून मी आधी रस्त्याच्या दोन्ही कडा बघितल्या, कुठं फावडं वर होतंय का म्हणून. आणि घंटी वाजवली.