उडालेला धातू

अण्णा,

आईच्या पुरणयंत्राची दांडी, धाकट्याच्या अभ्यासाचा दिवा, वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यातलं ड्रिलचं स्टँड आणि शेवटच्या वर्षी तुम्ही टेकत होतात ती स्टीलची काठी. हे सगळं मी केलं, बघून बघून. फोरमन असून तुम्ही काही शिकवलं नाहीत. काठी आता मीच टेकतो. लेथपुढे उभं राहून उजवा गुडघा झिजलाय.

मी सतरा वर्षांचा आहे, तुमच्याच हाताखाली लेथवर. शाफ्ट पंचवीस मिलिमीटर जाड हवा. माझा, एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर, त्यातले चार भाग कमी भरतो. तुम्ही तो सगळ्यांसमोर भंगाराच्या पेटीत टाकता. "उडालेला धातू परत चिकटत नाही." चार वर्षांनी धाकटा बारावीत नापास होतो, तेव्हा डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात तुम्ही तुमच्या ताटातली पोळी त्याला वाढता. "होईल रे. भरून निघेल."

तो आता घोडबंदर रोडला हाडांचा डॉक्टर आहे. परवा माझा एक्स-रे उजेडात धरून म्हणाला, "दादा, कंबरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी गुडघ्यात सोडायच्या."

"आणि त्यांची कूर्चा होते? सांध्यातली गादी?"

"आधी तसं वाटायचं. आता म्हणतात, त्या स्वतः फारसं काही बांधत नाहीत. सूज उतरवतात, तिथल्या थकलेल्या पेशींना निरोप देतात, उठा, कामाला लागा. थोड्या दिवसांत मरूनही जातात."

"भरतं किती? आकडा सांग."

"आकडा नाही रे. कुणाला उतार पडतो, कुणाला नाही. तू पण ना, हाडाला मायक्रोमीटर लावशील!"

मी हसलो नाही. तुम्ही त्याला आयुष्यभर दिलंत ते हेच, नुसता निरोप. पुढचं त्याने केलं. मलाही एखादा चालला असता.

तो शाफ्ट मी पेटीतून उचलून आणलेला. पहिला स्वतःचा मायक्रोमीटर घेतला तेव्हा आधी तोच मोजला. चार भाग कमीच. तुम्ही बरोबर होतात, हे कुणाला सांगितलेलं नाही. हा कागदही त्या शाफ्टच्याच खणात राहील.

धाकटा रिक्षापर्यंत सोडायला आला. "खर्च माझा. तू फक्त ये."

"अण्णा म्हणायचे, उडालेलं परत चिकटत नाही," मी म्हटलं.

"हो? मला तर उलटंच सांगायचे."

तोवर मी हो म्हणणार होतो. मग नको म्हटलं. कारण सांगितलं ते अडीच लाख रुपयांचं.