मालकांना विचारून सांगते

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला काही म्हणजे काही कळवलं नाही. कळवण्यासारखं बरंच होतं. तू गेल्यावर तीन वर्षांनी मी नोकरी सोडली आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेऊन स्वतःचं कोअर शॉप टाकलं, तू फाउंड्रीत करायचीस तेच वाळूचं काम. पंचतारांकित म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढं भलतंच काही येईल, म्हणून सांगते, वर पत्रा आहे आणि उन्हाळ्यात आत भाकरी भाजेल एवढी धग असते. आता तिथं चौदा बायका काम करतात. त्यातली एक म्हणजे उद्यमनगरच्या फाउंड्रीत तुझ्या शेजारच्या टेबलावर बसायची ती मावशी. तिला हल्ली कमी दिसतं, पण कोअरला काळा रंग मारताना तिचा हात अजून हलत नाही. या बायकांना मी चांगली माहीत आहे, जरा जास्तच. पण जे आमच्याकडून माल घेतात त्यांना अगदी परवापरवापर्यंत या शॉपचा मालक कोण हे माहीत नव्हतं, आणि तो दोष त्यांचा नव्हता.

फोन आला की मी म्हणायचे, "मालकांना विचारून सांगते." दर विचारला तरी तेच, माल कधी देता विचारलं तरी तेच. मग फोन ठेवायचा, कॅलेंडरकडं बघत दोन मिनिटं थांबायचं, आणि उलट फोन करून मालकांचा म्हणून माझाच निरोप सांगायचा. बँकेत माझं नाव, लाइट बिलावर माझं नाव, भाडेकरारावर माझी सही. तरी फोनवर मी ऑफिसातली बाई. हे वाक्य मी तुझ्याकडून उचललं हे तुला सांगायला नको. दारात कुणी भिशीत ये म्हणून आलं, कुणी साडी दाखवायला आलं, कुणी उसनी परात मागायला आलं, की तू उंबऱ्यातूनच म्हणायचीस, "मालकास्नी इचारून सांगतो." मालक म्हणजे वडील. सिझनमध्ये साखर कारखान्यात आणि एरवी चौकातल्या कट्ट्यावर असणारे आपले गरीब वडील. तू त्यांना कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. एकदा त्यांनीच जेवताना विचारलं, "आज माझ्या नावावर कुणाकुणाला न्हाई म्हणालीस?" तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुमी लई कडक हायसा असं समद्या गल्लीला वाटतंय. वाटू द्या की." ते हसले आणि आणखी आमटी मागितली. त्या घरात सगळं तूच ठरवलंस, माझं शिक्षणसुद्धा, आणि नाव कायम त्यांचं राहिलं.

मी दुसरी-तिसरीत असताना तू जेवणाच्या डब्यातून फाउंड्रीची बारीक वाळू घरी आणलीस, मला काम शिकवायला. तो रविवार मला अजून स्वच्छ दिसतो. तू वाळूत थोडी काकवी घालतेस, पाण्याचा हात मारतेस, आणि परातीत कणकेसारखी मळायला घेतेस. मग मला म्हणतेस, "मूठ आवळ. आता उघड. मोडली तर पाणी कमी, हाताला चिकाटली तर जास्त." आपण ती वाळू वाटीत ठासून भरतो, उपडी करतो, चुलीच्या वैलावर वाळवतो. कोअर म्हणजे काय हे तू मला त्या दिवशी सांगितलंस. लोखंडाच्या वस्तूला आत पोकळी हवी असेल, तर साच्यात तेवढ्या जागी वाळूचा घट्ट ठोकळा ठेवायचा. भोवती लोखंडाचा रस ओततात, तो थंड होतो, आणि मग वाळू फोडून काढून टाकतात. मी विचारलं, "मग तू केलेलं राहतंय कुठं?" तू म्हणालीस, "भोक राहतंय की." वडील बाहेरून म्हणाले, घरात माती कशाला आणता. फाउंड्रीचा वास त्यांना सोसत नसे, त्या दारातून ते कधी आत गेले नाहीत.

आणि तसाच आणखी एक दिवस. मी पाचवीत असेन, तुझा विसरलेला डबा घेऊन फाउंड्रीत आले होते. पुण्याहून पाहुणे आले होते आणि पंपाच्या एका अवघड कोअरभोवती सगळे उभे होते. तो बसवायला तुला तीन आठवडे लागले होते, घरी जेवतानासुद्धा तू बोटानं ताटात त्याची वळणं काढायचीस. सुपरवायझर पाहुण्यांना म्हणाला, हा आम्ही डेव्हलप केला. मी दारातूनच म्हणाले, "त्यो माझ्या आईनं केलाय." पाहुणे हसले. सुपरवायझर हसला नाही. तू येऊन माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की आठवडाभर तिथं निळं होतं. घरी आल्यावर तू रागावली नव्हतीस, घाबरली होतीस. "माझं नाव घ्यायला तुला कुणी सांगितलंतं? नाव झालं की माणूस डोळ्यावर येतंय. डोळ्यावर आलं की काम जातंय." तुझं काम गेलं नाही. पुढं अठरा वर्षं तू त्याच टेबलावर होतीस आणि सुपरवायझरचा मॅनेजर झाला. तेव्हापासून मी शिकले ते कोअर करायला आणि गप्प बसायला, दोन्ही एकदमच.

गप्प बसण्यावर चौदा वर्षं धंदा चालला. गंमतीही झाल्या. एका लग्नात एका फाउंड्रीवाल्यानं माझ्या नवऱ्याला गाठलं आणि हात धरून म्हणाला, "मालक, रेट जरा बघा की आमचा." हे हायस्कूलला इतिहास शिकवतात. ते गंभीरपणे म्हणाले, "बायकोला विचारून सांगतो." तो माणूस दोन दिवस हसत होता म्हणे, त्याला ती थट्टा वाटली. मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं कोअरची मशिनं स्वतःच घेतली आणि आमचं निम्मं काम एका महिन्यात बंद झालं. मी दुसऱ्या एका फाउंड्रीला नमुने पाठवले. नमुने पास झाले, ऑर्डर मात्र दुसऱ्याला गेली. का विचारलं, तर तिथले खरेदीचे साहेब सरळ म्हणाले, "बाई, तुमचा माल चांगला हाय. पण तुमचं मालक कवा समोर येत न्हाईत. उद्या काय झालं तर आम्ही कुणाला धरायचं?" मी फोन ठेवला आणि कॅलेंडरकडं बघितलं. या वेळी विचारायला कुणी नव्हतं. आठवड्यातून तीनच दिवस काम उरलं होतं, आणि बायका न विचारता माझ्या तोंडाकडं बघायच्या. असंच चाललं तर दिवाळीनंतर शेड सोडावी लागणार होती.

त्या सुमारास नवऱ्यानं मला कोल्हापुरातल्या उद्योजक महिलांच्या शिबिरात जवळजवळ ढकललं. पुण्याच्या एक मॅडम होत्या. त्यांनी सगळ्यांना एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, येत्या सहा महिन्यांत तुम्हाला कुणी ओळखावं, किती जणांनी, आणि कशासाठी, ते लिहा. प्रसिद्धी म्हणजे मिरवणं नव्हे, म्हणाल्या, ज्याला तुमची गरज आहे त्याला तुम्ही सापडणं. शेजारच्या बाई भराभर लिहीत होत्या. मी लिहिलं, 'माल चांगला आहे हे कळावं.' मॅडम वाकून म्हणाल्या, "हे मालाचं झालं. तुमचं काय?" मी म्हणाले, आमचं काम दिसत नाही, फोडून टाकतात. त्यांनी विचारलं, "आणि गिऱ्हाइकाला तुम्ही कोण म्हणून माहीत आहात?" मी खरं ते सांगितलं. कुणी हसलं नाही. उलट मागून दोघीतिघी म्हणाल्या, आम्हीपण असंच सांगतो. मग मॅडमनी मला उभं करून म्हणायला लावलं, मी या शॉपची मालकीण आहे. आई, ते तोंडातून निघेना. मालकीण म्हणजे आपल्याकडं मालकाची बायको. आणि 'मी मालक' म्हणावं तर मालक म्हणजे नवरा, मी कुणाचा नवरा? भाषेतच मला बसायला जागा नव्हती. शेवटी म्हणाले, "शॉप माझं आहे." तेवढं म्हणताना माझा दंड तिथंच दुखल्यासारखा झाला. कागदावर मी लिहिलं, दहा फाउंड्र्यांनी माझं तोंड ओळखावं, शेडवर माझ्या नावाचा बोर्ड लागावा आणि एकदा पेपरात यावं. शेवटचं लिहून खोडलं, मग परत लिहिलं.

दहा फाउंड्र्यांना मी स्कूटरवर कोअरची पेटी बांधून गेले. पहिल्याच गेटवर वॉचमननं विचारलं, "कुणाकडनं आलासा?" तोंडावर जुनं वाक्य आलंच होतं. मी म्हणाले, "माझ्याकडनंच आलोय." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं आत सोडलं. सगळीकडं काही नीट झालं नाही. एकानं अर्धा तास बसवून ठेवलं, एकानं चहा पाजून 'साहेबांना घेऊन या' म्हणून सांगितलं. एकाच्या टेबलावर मी कोअर ठेवला आणि त्याला म्हणाले, हा असा का केलाय ते विचारा, मी सांगते, दुसरं कुणी सांगणार नाही. त्यानं विचारलं आणि मी बोलत राहिले, तू ताटात काढायचीस ती वळणं बोटानं त्याच्या टेबलावर काढत. त्या फाउंड्रीचं काम मिळालं. पुढं आणखी दोघांचं मिळालं. बायका आता पाच दिवस येतात. फोनवर मी म्हणते, "बोला, शॉप माझंच आहे," आणि अजून प्रत्येक वेळी नजर कॅलेंडरकडं जाते. बोर्ड लागला तेव्हा मला वाटलं होतं की कुणीतरी येईल आणि काढ म्हणेल. कुणी आलं नाही.

मग गेल्या महिन्यात पेपरातला एक तरुण बातमीदार आला. फोटोला काय घ्यायचं यावर त्याचं आणि माझं बराच वेळ चाललं, कारण तयार वस्तूत आमचं काही दिसत नाही. अखेर मला बोर्डाखाली उभं केलं. तो चांगलं विचारत होता आणि मीही चांगलं बोलत होते. चौदा वर्षं खोटा मालक सांगितला तेही सांगितलं, तो हसला, मी हसले. तुला अभिमान वाटावा अशीच बोलले मी. बातमी आली. नवऱ्यानं दहा अंक आणले, शाळेत वाटले. शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत एकीनं मोठ्यानं वाचून दाखवली. 'हे कौशल्य त्यांनी वडिलांकडून आत्मसात केले' हे वाक्य आलं तेव्हा मावशीनं घास हातातच ठेवला. ती म्हणाली, "तुझा बा कवा कोअर करत हुता गं?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "पेपरवाल्यानं चुकीचं छापलंय, मावशी." ती म्हणाली, "व्हय? मग सांग की त्येला." आणि परत जेवायला लागली.

तू नाव घेऊ नकोस म्हणाली होतीस, म्हणून घेतलं नाही, असं मला स्वतःला सांगता आलं असतं. दोन दिवस तसं सांगूनही बघितलं. पण ते खरं नाही. वडील याच लाइनमधले म्हटलं की घराण्याचा धंदा वाटतो. आई रोजंदारीवर वाळू ठासायची म्हटलं की समोरचा माणूस माझ्या हातांकडं बघतो, असं मला वाटलं. तुझी लाज वाटली, आई. चांगल्या साडीत, माझ्याच नावाच्या बोर्डाखाली उभी राहून मला तुझी लाज वाटली. बातमीदाराचा नंबर माझ्याकडं आहे आणि अजून मी फोन केलेला नाही. मावशीला अजून वाटतं की चूक त्याची आहे. त्यानं चुकीचं छापलेलं नाही. वडिलांनीच शिकवलं का, असं त्यानं मला दोनदा विचारलं होतं.